अतिरिक्त कार्यभार

सरकारी कचेरीत साहेबांच्या दारावर नावाची पाटी असते आणि तिच्याखाली बऱ्याचदा एक कागद चिकटवलेला असतो: ‘अतिरिक्त कार्यभार’. कागद म्हणे तात्पुरता. पाटीवरचे साहेब बदली होऊन जातात, कागद पिवळा पडेपर्यंत तिथंच असतो. एक्स्ट्रा चार्जवाले साहेब सापडणं हा आणखी वेगळा योग. इथं विचारावं तर तिकडच्या ऑफिसात गेलेत, तिकडं जावं तर आत्ताच निघाले.

या कागदाचा सगळ्यात मोठा मानकरी मला सोळाव्या शतकात सापडला. आर्चड्यूक अल्बर्ट, जन्म १५५९, ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग घराण्यातला, सम्राट दुसऱ्या मॅक्सिमिलियनचा मुलगा. घरात भावंडं पुष्कळ. अकराव्या वर्षी त्याला स्पेनला मामाकडे पाठवलं. मामा म्हणजे राजा दुसरा फिलिप. त्याच सुमारास अल्बर्टच्या सख्ख्या बहिणीचं, अ‍ॅनाचं, लग्न याच मामाशी झालं, म्हणजे मामा आता दाजीही झाले. पुढे ते सासरे व्हायचे होते, पण त्याला वेळ होता.

मामांनी भाच्याची सोय चर्चमध्ये लावली. १५७७ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, अल्बर्ट कार्डिनल झाला. कार्डिनल म्हणजे पोपच्या खालोखालचा मान, लाल झगा, लाल टोपी. गंमत अशी की ज्याच्या डोक्यावर ही टोपी चढली त्याला पाद्री म्हणून दीक्षा कधीच मिळाली नाही. ना तेव्हा, ना नंतर. पण ब्रह्मचर्य आलं, आणि राजघराण्यातल्या धाकट्या मुलाला ना संसार, ना वारस, ना जहागिरीची वाटणी. घराण्याच्या दृष्टीनं हिशेब चोख होता.

फिलिपनं पोर्तुगाल गिळंकृत केलं आणि १५८३ मध्ये लिस्बनला व्हाइसरॉय म्हणून या कार्डिनलला बसवलं. तो पोपचा प्रतिनिधीही होता, आणि १५८६ पासून पोर्तुगालच्या इन्क्विझिशनचा, म्हणजे पाखंड शोधून खटले चालवणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचा, प्रमुखही. तीन खुर्च्या, माणूस एक. त्यानं काम वाईट केलं असंही नाही. १५८९ मध्ये ड्रेक आणि नॉरिस इंग्रजी आरमार घेऊन लिस्बनवर चालून आले, तेव्हा त्यांना हात हलवत परत जावं लागलं.

इथं मात्र माझी लेखणी जरा अडखळते. गोव्याचं इन्क्विझिशन लिस्बनच्या याच प्रमुखाच्या हाताखाली होतं. अल्बर्ट लिस्बनला रुजू झाला त्याच १५८३ च्या जुलैत गोव्यातल्या कुंकळ्ळीत जेझुइट पंथाचे पाच मिशनरी मारले गेले, आणि मग बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलेल्या गावकरांची, म्हणजे गावच्या पुढाऱ्यांची, कत्तल झाली. मंगेशीसारखं दैवत कुशस्थळीहून नदीपलीकडे प्रियोळला त्याआधीच हललं होतं. लिस्बनची जहाजं मार्च-एप्रिलात निघत आणि गोव्याला सप्टेंबरच्या सुमारास पोचत. पत्राचं उत्तर हाती पडायला सव्वा-दीड वर्ष सहज जाई. ज्याच्या नावानं आपल्या माणसांचे खटले चालले, त्या साहेबाला मांडवी कुठे आहे हे नकाशावरच ठाऊक. अनुपस्थित साहेबाबद्दलचा माझा विनोद इथपर्यंत पुरत नाही.

१५९६ च्या फेब्रुवारीत अल्बर्ट ब्रुसेल्सला पोचला. आता चार्ज नेदरलँड्सच्या गव्हर्नरपदाचा. तेव्हाच्या नेदरलँड्समध्ये आजचं बेल्जियमही आलं. त्याचा मोठा भाऊ अर्नेस्ट याच पदावर असताना आदल्या वर्षी वारला होता. शिवाय अल्बर्ट नुकताच टोलेडोचा आर्चबिशपही झालेला, पण टोलेडो स्पेनमध्ये आणि आर्चबिशप ब्रुसेल्समध्ये. उत्तरेत डच बंडखोर, दक्षिणेत फ्रान्सचा राजा. कार्डिनलसाहेबांनी दोन महिन्यांत फ्रेंचांकडून कॅले बंदर घेतलं. त्याच वर्षी अ‍ॅमस्टरडॅमला लिन्सखोटेनचा प्रवासग्रंथ छापून निघाला. हा डच माणूस अल्बर्टच्या लिस्बनच्या काळात गोव्याच्या आर्चबिशपकडे कारकुनी करत होता आणि समुद्री वाटा, मसाले, बंदरं सगळं टिपून घेत होता. एका टेबलावरची माहिती निसटली आणि साहेबांना दुसऱ्या टेबलावर त्रास देऊ लागली, असं मी तरी याकडे पाहतो. डच जहाजं पूर्वेला धावू लागली.

आणि मग मामांना जावई हवासा झाला. मुलगी इसाबेला एकतीस वर्षांची. तिचं अल्बर्टच्या थोरल्या भावाशी, सम्राट रुडॉल्फशी, लहानपणापासून ठरल्यासारखं होतं, पण रुडॉल्फचं वीस-बावीस वर्षं काही ठरेना. आपल्याकडे मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्कच मानतात. तिथं त्यासाठी पोपची परवानगी लागली. १३ जुलै १५९८ रोजी अल्बर्टनं ब्रुसेल्सजवळच्या हाले गावी येशूच्या आईच्या, मारियेच्या, काळसर मूर्तीपुढे आपली कार्डिनलची वस्त्रं ठेवली. अडतीस वर्षांचा गृहस्थ, एकवीस वर्षं लाल वस्त्रात काढलेली, ती वेदीवर ठेवतो आणि नवरदेव व्हायला निघतो. त्याला आनंद झाला असेल का? मला वाटतं, झाला असावा. पुढे रुबेन्सच्या चित्रात तो दिसतो: काळा पोशाख, गळ्याभोवती पांढरी चुणीदार कॉलर, मागे टर्व्हूरेनचा वाडा. चेहऱ्यावर घाई नाही.

लग्नात आंदण म्हणून नेदरलँड्स. आता तो गव्हर्नर नव्हे, राज्यकर्ता. करारात कलम मात्र होतं की मूल झालं नाही तर प्रांत स्पेनकडे परत. मुलं जन्मली आणि तान्हेपणीच गेली. म्हणजे हाही शेवटी चार्जच. तरी या काळातली त्याची कामगिरी मला सगळ्यात मोठी वाटते. १६०० मध्ये निऊपोर्टला तो हरला, जखमी झाला; ओस्टेंडच्या वेढ्यात तीन वर्षं गेली; आणि त्यानंतर त्यानं लढाई रेटण्यापेक्षा डचांशी बोलायचं ठरवलं. ९ एप्रिल १६०९ रोजी बारा वर्षांचा तह झाला. सगळ्यात जास्त घोळ पूर्वेकडच्या व्यापारावरून होता आणि ते कलम इतक्या गुळमुळीत भाषेत लिहिलं की आपल्या एखाद्या शासन निर्णयानं मान खाली घालावी.

तो वारला १३ जुलै १६२१ रोजी, वस्त्रं उतरवली त्याच तारखेला. कलमाप्रमाणे प्रांत स्पेनकडे गेले. कालपर्यंत राणी असलेली इसाबेला आता भाच्याच्या, म्हणजे स्पेनचा राजा चौथा फिलिप याच्या, वतीनं गव्हर्नर झाली, आणि १६३३ मध्ये मरेपर्यंत तिनं तो कारभार नेटानं सांभाळला.

पुढच्या वर्षी आत्याच्या जागी दुसरा भाचा आला, फर्डिनांड. हाही कार्डिनल, वयाच्या दहाव्या वर्षी झालेला. हाही कधी पाद्री न झालेला. वाटेत न्योर्डलिंगनची लढाई जिंकून मगच ब्रुसेल्सला रुजू झाला. वेलास्केझनं त्याचं चित्र काढलंय, हातात बंदूक, शेजारी कुत्रा. डोक्यावर टोपी आहे, पण शिकाऱ्याची.