गेइबी लाइनवरचा एक शेरा

रुळाखालच्या काँक्रीटवर हातोडा मारून कान द्यायचा, हे माझं काम. खणखणीत वाजलं की पुढे सरकायचं, बद्द वाजलं की आत पोकळी आहे समजून खडूने घेरा आखायचा. यंत्रं आलीत, पण मुरलेल्या कानाला अजून तोड नाही.

त्या दिवशी आम्ही जपानमधल्या हिरोशिमाच्या डोंगरात गेइबी या रेल्वे लाइनवर होतो. तोजो ते बिंगो-ओचिआई, २५.८ किलोमीटर, दिवसाला तीन गाड्या जायच्या, तीन यायच्या. तरी गाडी येते का यावर नजर ठेवणारे आमचे साठीतले पहारेकरी काका दर थोड्या वेळाने रिकाम्या रुळांकडे बोट रोखून मोठ्याने म्हणत, ‘उजवीकडे गाडी नाही! डावीकडे गाडी नाही!’ नवी पोरं तोंड लपवून हसायची. मला त्या पोरांचाच राग यायचा.

एका छोट्या पुलाच्या टेकूला बद्द लागलं. तळहाताएवढा पापुद्रा, कडेने गंजाचं पाणी ओघळलेलं. ‘बी’ शेरा म्हणजे लक्ष ठेवा, ‘ए-२’ म्हणजे वेळेत दुरुस्ती करा. मी ए-२ म्हटलं. फोनवर साहेब म्हणाले, ‘बी चालणार नाही का? तिथून जातं कोण?’

प्रश्न अगदीच पोकळ नव्हता. २०१९ मध्ये या टप्प्यावर दिवसाला सरासरी ११ प्रवासी होते. २०१७ ते २०१९ च्या सरासरीने इथे १०० येन कमवायला २५,४१६ येन खर्च व्हायचे. हा टप्पा ज्यात येतो त्या बित्चू-कोजिरो ते बिंगो-शोबारा या पट्ट्याचं काय करायचं, यासाठी केंद्र सरकारने सुधारित कायद्याखाली देशातली पहिली समिती नेमली, मार्च २०२४ मध्ये तिची पहिली बैठकही झाली.

तेवढ्यात किहा १२० आली. एकच डबा, डिझेलवर, चालकच तिकिटं बघणारा. दरड कोसळण्याची भीती असलेल्या जागी वेग ताशी २५ किलोमीटर. डोंगर बांधून काढण्यापेक्षा गाडी हळू हाकणं स्वस्त पडतं. मग शेजारच्या रस्त्याने मोटार पुढे निघून जाते आणि प्रवासी का नाहीत म्हणून बैठका होतात. खिडक्यांत कॅमेरेवालेच जास्त. त्यांच्यातले कित्येक ओचिआईपर्यंत स्वतःच्या मोटारीने येतात, म्हणे लाइन वाचली पाहिजे.

काका म्हणाले, ‘तपासणीच्या कागदावर प्रवाशांचा रकाना असतो का रे?’ नसतो. मी ए-२ च लिहिलं. साहेबांनी सही केली, कुरकुरत. दुरुस्ती झाली की नाही, मला कुणी कळवलेलं नाही. नियमाने दर दोन वर्षांनी तपासणी असते. तोवर लाइन राहिली, तर तो टेकू मीच मागून घेणार आहे.