चार हात लांब

गेले पाच महिने मी कॅमेरा घेतोय. ‘घेतला’ म्हणण्याची वेळ काही आलेली नाही. या काळात आमच्याकडे फ्रिज बदलला, मुलीची कॉलेज ॲडमिशन झाली, बाथरूमचं गळणं थांबलं. कॅमेरा तेवढा ‘बघतोय’वर अडकला आहे. बायकोने विचारणंही सोडलंय. तिची बहीण फोनवर चौकशी करते, “भावजींचा कॅमेरा आला का?” त्या चौकशीत एरवी लग्न न ठरणाऱ्या मुलाबद्दल असते तशी काळजी असते.

हवाय तो छोटा, खिशात किंवा खांद्यावरच्या झोळीत मावणारा, एकच न बदलता येणारी लेन्स असलेला. झूम नाही. रस्त्यावर हिंडत अनोळखी माणसांचे फोटो काढायला. माझ्याकडे जुना डीएसएलआर आहे, पण तो गळ्यात घालून मंडईत शिरलं की लोक वाट करून देतात, एखादा तर “कुठल्या चॅनेलचे?” असंही विचारतो. असा मान मिळाला की फोटो संपला.

उमेदवार मुळात थोडे. लायका क्यू थ्री पहिल्याच दिवशी बाद झाला. २८ मिमीची लेन्स (हा आकडा जितका लहान, तितकं जास्त चौकटीत मावतं), एफ १.७, साठ मेगापिक्सेल, सगळं मान्य; पण २०२३ साली तो अमेरिकेत ५,९९५ डॉलरला आला. एवढा ऐवज गळ्यात असेल तर मी फोटो काढेन की कॅमेऱ्यावर पहारा देईन? सोनीने आरएक्सवन मालिकेत दहा वर्षांनी, २०२५ साली, नवा आणला, त्याचीही तीच गत. राहिले दोन. एक रिकोचा जीआर थ्री, २८ मिमी. दुसरा फुजीफिल्मचा एक्स१०० मालिकेतला सहावा, ३५ मिमी, जो फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाला आणि मग जगभर लोक त्यासाठी रांगा लावून बसले.

बॅटरी-कार्डासकट पहिला २५७ ग्रॅम, दुसरा ५२१. मंडईच्या भाषेत एक पावशेर, दुसरा अर्धा किलो. फुजीला डोळा लावायला व्ह्यूफाइंडर आहे आणि वर गोल चकत्या आहेत, त्या नुसत्या फिरवत बसायलाही मजा येते. तो टेबलावर ठेवला तरी देखणा दिसतो. रिको म्हणजे काळी कंपासपेटी. व्ह्यूफाइंडर नाही, पावसापासून संरक्षण नाही, आणि कंपनीच्याच हिशेबाने एका चार्जमध्ये दोनशे फोटो. कागदावर मुलगा फुजीचा चांगला. तरी माझं मन रिकोवरून हलेना, आणि रिकोवर ठरवलं की रात्री फुजी आठवायचा.

एका रविवारी कंटाळून मी वही घेतली. २८ आणि ३५ यांत नेमका फरक किती, ते माझ्या डोळ्यांना कळेल अशा मापात काढायचं ठरवलं. कॅमेरा आडवा धरलाय, समोर पाच फूट दोन इंच उंचीची बाई उभी आहे, आणि ती डोक्यापासून पायांपर्यंत बरोबर चौकटीत बसली पाहिजे. मी किती लांब उभं राहायचं? २८ मिमीला उत्तर आलं सुमारे १.८४ मीटर. ३५ ला २.३०.

फरक ४६ सेंटिमीटर, म्हणजे दीड फूट. म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा एक हात!

मग मी सगळंच हातात मोजलं. २८ म्हणजे बरोबर चार हात, ३५ म्हणजे पाच. लायकाने २०२४ साली ४३ मिमीचा क्यू थ्री काढला, तो सहा हात. आणि ५० मिमी, ज्या लेन्सवर फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँने जवळजवळ आयुष्य काढलं, ती सात हात. मिलिमीटरला सातने भागा, हात मिळतात. १९२५ साली बाजारात आलेल्या पहिल्या लायकालाही ५० मिमीची न बदलता येणारी लेन्स होती. म्हणजे ही जात काही आजची नाही, फक्त शंभर वर्षांत माणसं सात हातांवरून चार हातांवर आली. हा शोध मी बायकोला सांगितला. ती म्हणाली, “पाच महिने तू एका हाताचा विचार करत होतास?”

होतो. पण हा हात साधा नाही. आपल्याकडे नको त्या माणसापासून ‘चार हात लांब राहा’ असं सांगतात. आपल्या पूर्वजांनी नको त्या माणसासाठी राखून ठेवलेलं अंतर ते २८ मिमीचं. त्या अंतरावर समोरच्याला तुमचा श्वास लागत नाही, पण तुम्ही कुणाकडे बघताय ते त्याला पक्कं कळतं. पाच हातांवर त्याला शंका येते. सात हातांवर तुम्ही रस्त्यावरचे कुणीही असता. जपानचे छायाचित्रकार दाइदो मोरियामा असेच छोटे कॅमेरे, त्यांत रिकोचे जीआरही, घेऊन वर्षानुवर्षं गल्ल्यांतून हिंडले. त्यांच्या चित्रांतली माणसं, कुत्री, पोस्टरं अंगावर येतात, कारण ते स्वतः आधी अंगावर गेलेले असतात.

मग माझं अंतर किती? हे तपासायला पैसे लागत नव्हते. जुन्या डीएसएलआरची १८-५५ लेन्स १८ वर आणून तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळली. त्या कॅमेऱ्याचा सेन्सर (चित्र टिपणारी चिप) लहान, त्यामुळे त्यावर १८ म्हणजे जवळपास २८. आठवडाभर रोज सकाळी मंडई. दुसऱ्या आठवड्यात पट्टी २३ वर, म्हणजे ३५. पुण्याची महात्मा फुले मंडई १८८६ सालची, आधीचं नाव रे मार्केट, वर तो अष्टकोनी मनोरा. आत फोटो काढणाऱ्याला काही कमी पडू नये. पाल्याचे ढीग, वरून तिरका येणारा उजेड, वजनाच्या काट्यावर ठेवलेला हात, पावतीच्या मागे चाललेला हिशेब.

दोन आठवड्यांचे फोटो लावून बघितले तेव्हा हसू आलं. पहिल्या आठवड्यात माणसं चौकटीच्या अर्ध्यातच संपत होती. पायाखाली केवढी तरी फरशी आणि डोक्यावर केवढं तरी छप्पर. दुसऱ्या आठवड्यात फरशी जरा कमी, एवढाच फरक. चौकटीच्या अर्ध्या उंचीची बाई म्हणजे आठ हात. मी कुठलीही लेन्स लावली तरी आठ हातांवरच उभा होतो! माझ्या स्वभावाला ५६ मिमीचा कॅमेरा हवा, आणि तो या दोघांपैकी कुणीच बनवत नाही.

यावर तोडगा आहे म्हणे. रिकोमध्ये एक सोय असते, २८ चा मधला भाग कापून ३५ सारखा फोटो देणारी. चोवीस मेगापिक्सेलचे पंधरा उरतात. म्हणजे पाच हातांवर उभं राहून चार हातांच्या कॅमेऱ्याने पळवाट. ही सोय ज्याने काढली त्याला माणसं कळतात. पण मग मी आठ हातांवरून ५६ चा तुकडाही कापू शकतो, आणि घरी बसून फोनवर मोठं करून बघितलेला मंडईचा फोटोही चालेल.

तुळशीबागेत मात्र उलटं झालं. तिथे दोन पावलं मागे सरकणं शक्यच नसतं. मागे पिनांचा हातगाडा, पुढे बांगड्या, आणि मधून वाहणारी गर्दी तुम्हाला वाटेल तिथे नेऊन ठेवते. आठवड्यातले जे तीन फोटो मला बरे वाटले ते तिथले, आणि ते काढताना माझं धैर्य अजिबात खर्ची पडलेलं नव्हतं.

मागच्या शनिवारी मावसभावाकडून त्याचा जीआर थ्री आणला. तो वर्षभरापूर्वी घेऊन मोकळा झालाय, त्याला असले प्रश्न पडत नाहीत. त्याने एक गोष्ट शिकवली. फोकसचं अंतर आधीच ठरवून ठेवता येतं, स्नॅप फोकस म्हणतात. दोन मीटर ठेव, ॲपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं भोक) एफ ८ इतकं बारीक, मग एक मीटरपासून पार पलीकडच्या दुकानापर्यंत सगळं जवळपास शार्प येतं. कॅमेऱ्याने शोधत बसायचं नाही, बटण दाबलं की फोटो. दोन मीटर म्हणजे चार हातांहून सुमारे नऊ बोटं जास्त, हे मी त्याला सांगितलं नाही.

रविवारी सकाळी बायकोने यादी दिली होती: हिरव्या मिरच्या, कोथिंबीर, लिंबं. कॅमेरा पिशवीत. नेहमीच्या मावशींच्या गाळ्यासमोर उभा राहिलो, मिरच्या मागितल्या आणि लक्षात आलं की गिऱ्हाईक दोन हातांवर असतं. पैसे देताना तर एका हातावर. पाच महिने मी ज्या अंतराला घाबरत होतो त्याच्या निम्म्या अंतरावर मी दर रविवारी उभा असतो आणि घासाघीसही करतो. मावशी मिरच्या काट्यावर टाकत होत्या. मी कॅमेरा काढला आणि पोटाशी धरूनच बटण दाबलं.

“काय हाय ते?”

“कॅमेरा, मावशी.”

“येवढुसा? बगू.”

दाखवला. मंडईत उजेड कमी म्हणून मी ॲपर्चर एफ ४ पर्यंत उघडलं होतं, त्यामुळे शिकवलेली एक मीटरची हद्द पुढे सरकली होती. स्क्रीनवर मागच्या गाळ्यातला लसूणवाला पाकळी न् पाकळी स्पष्ट. पुढे मावशींच्या जागी एक हिरवट-तांबडा ढग.

“ह्यो तर लसूणवाला. मी कुटंय?”

“तुम्ही जरा जवळ आलात.”

“मी कशाला येतीय? हितंच बसलेय सकाळपासनं.” त्यांनी पदर नीट केला, काटा हातात घेतला. “मागं सरक की जरा. आन् आता नीट काढ.”

मी दोन हात मागे सरकलो. पाठीला कुणाची तरी टोपली लागली, कुणीतरी “ओ साहेब” म्हणालं. बरोबर चार हात. मावशी काट्याकडे बघायचं सोडून थेट माझ्याकडे बघत होत्या, फोटो स्टुडिओत बघतात तशा. स्ट्रीट फोटोग्राफीच्या कुठल्याही व्याख्येत तो फोटो बसत नाही.

मिरच्या तेवढ्या घरी आल्या, कोथिंबीर राहिली. कॅमेरा रविवारी संध्याकाळी परत द्यायचा होता. आज बुधवार आहे.