राधानगरीच्या वाटेवर : बोत्स्वाना, झिम्बाब्वे आणि एक धरण

कोल्हापूरची फुलेवाडी मागे पडली आणि बालिंग्याचा पूल ओलांडला की राधानगरीचा रस्ता भोगावतीच्या खोऱ्यात शिरतो. दोन्ही अंगांना ऊस, मधूनच भाताची खाचरे, आणि परित्याचा साखर कारखाना गेल्यावर सह्याद्रीची रांग हळूहळू जवळ येऊ लागते. बरोबर मामा होते. मंगळवार पेठेत वाढलेल्या मामांनी हिशेबनीस म्हणून बरीच वर्षे बोत्स्वानातील फ्रान्सिसटाऊन शहरात काढली. झिम्बाब्वेची सरहद्द तेथून मोटारीने तासाभरावर आहे. शेजारशेजारचे दोन देश इतक्या वेगळ्या वाटांनी कसे जातात, असे मी त्यांना विचारले होते, आणि त्यावर ते म्हणाले होते, ‘‘आधी फेजिवड्याला जाऊ, मग बोलू.’’

फेजिवड्याचे हे धरण म्हणजे शाहू महाराजांचे लक्ष्मी तलावाचे स्वप्न. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात काम सुरू झाले, पुढे पैशाअभावी रखडले, १९२२ मध्ये महाराज गेले, १९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि धरण पूर्ण झाले ते १९५७ मध्ये. स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की पंचगंगेकाठची गावे आजही सावध होतात. मामांना मात्र दरवाजांपेक्षा त्या मधल्या वर्षांचे मोल अधिक वाटते. ज्याने काम काढले तो राजा राहिला नाही, त्याचे राज्यही राहिले नाही, तरी काम पुढच्यांनी आपले मानले. फ्रान्सिसटाऊनमध्ये असताना हे धरण आपल्याला वारंवार का आठवे, ते त्यांनी भिंतीकडे पाहत सविस्तर सांगितले.

बोत्स्वाना म्हणजे पूर्वीचे बेचुआनालँड, इंग्रजांच्या संरक्षणाखालचा मुलूख. १८९५ मध्ये तेथील तीन जमातप्रमुख, खामा तिसरा, सेबेले आणि बाथोएन, थेट लंडनला गेले आणि आफ्रिकेत वसाहती उभारणाऱ्या सेसिल ऱ्होड्स या इंग्रज उद्योगपतीच्या कंपनीच्या हाती आपला मुलूख देऊ नये, अशी त्यांनी मागणी केली. रेल्वेसाठी जमिनीची एक पट्टी सोडून देण्याच्या बदल्यात त्यांचे बरेचसे म्हणणे मान्य झाले. त्यानंतर लवकरच शेजारच्या ट्रान्सवालवर ऱ्होड्सचा सहकारी जेमसन याने केलेला हल्ला फसून ऱ्होड्सची पत उतरली, हा नशिबाचा भाग. पण नशीब साथ देईपर्यंत त्या तिघांनी दार अडवून धरले होते, हे विसरता येत नाही. पलीकडच्या ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेत, तीच कंपनी राज्यकर्ती झाली. १९३० च्या कायद्याने जवळपास निम्मी जमीन मूठभर गोऱ्या वसाहतवाल्यांसाठी राखून ठेवली गेली. एका बाजूला इंग्रजांनी दुर्लक्ष केले म्हणून जुन्या संस्था जगल्या. दुसऱ्या बाजूला त्यांनी लक्ष घातले म्हणून जमिनीचा प्रश्न पेटत राहिला.

तरीही केवळ वारशाने सगळे उलगडत नाही. १९६६ मध्ये बोत्स्वाना स्वतंत्र झाला तेव्हा तो जगातील अत्यंत गरीब देशांपैकी एक होता आणि तेथे डांबरी रस्ता होता सुमारे १२ किलोमीटर. १९८० मध्ये गोऱ्यांची सत्ता जाऊन स्वातंत्र्य आले तेव्हा झिम्बाब्वेकडे रेल्वे, कारखाने, तंबाखूची मोठी शेती आणि चांगल्या शाळा होत्या. त्या वर्षी कोणी पैज लावली असती तर ती झिम्बाब्वेवरच लावली असती.

मामांच्या मते फरक पडला तो १९६७ मध्ये. ओरापा येथे हिरे सापडले, आणि ती जमीन राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा यांच्या स्वतःच्या बामांग्वातो जमातीच्या मुलखात होती. त्याच वर्षीच्या कायद्याने भूगर्भातील खनिजांचा हक्क जमातींकडून राष्ट्राकडे गेला. खामा तिसऱ्याच्या या नातवाने त्यापूर्वीच, १९५६ मध्ये, गादीवरचा हक्क सोडला होता. पुढे हिऱ्यांच्या कंपनीतील सरकारचा वाटा १९७५ पर्यंत निम्म्यावर नेला गेला आणि रस्ते, शाळा, दवाखाने त्या पैशातून उभे राहिले. गावोगावच्या ‘क्गोत्ला’ सभांत प्रमुखासमोर उभे राहून बोलण्याची रीत जुनीच होती. नव्या सरकारने ती मोडली नाही. आपल्याकडे १९०२ मध्ये रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासवर्गीयांसाठी राखणाऱ्या आणि १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करणाऱ्या राजाची आठवण मामांना येथे होते, आणि मला ती ओढूनताणून आणलेली वाटत नाही. हाती असलेली सत्ता आपल्या माणसांपुरती न ठेवण्याचा निर्णय दोन्हीकडे वरच्या माणसाने घेतला.

झिम्बाब्वेत १९८० मध्ये सत्तेवर आलेल्या रॉबर्ट मुगाबे यांनी सुरुवातीला शिक्षण आणि आरोग्यावर मनापासून खर्च केला, हे नाकारू नये. पण १९८३ पासून देशाच्या पश्चिमेकडील माताबेलेलँडमध्ये लष्कराने हजारो माणसे मारली, विरोधी पक्ष गिळला गेला, आणि खऱ्याखुऱ्या अन्यायातून आलेला जमिनीचा प्रश्न २००० नंतर सत्ता टिकवण्यासाठी वापरला गेला. जुलै २००८ मध्ये महागाईचा सरकारी आकडाच २३ कोटी १० लाख टक्के होता. पुढच्या जानेवारीत एकावर चौदा शून्ये असलेली नोट निघाली. त्या दिवसांत सरहद्दीपलीकडून शिक्षक आणि परिचारिका तेल, पीठ, साबण घेण्यासाठी फ्रान्सिसटाऊनला येत. मामांच्या कचेरीत झाडलोट करणारी बाई पूर्वी झिम्बाब्वेतील बुलावायो शहरात गणित शिकवीत असे. हे सांगताना मामा बराच वेळ थांबले.

परतीच्या वाटेवर मी मुद्दाम दुसरी बाजू काढली. बोत्स्वानात विषमता तीव्र आहे, एचआयव्हीने नव्वदच्या दशकात घराघरांत माणसे नेली, आणि कलाहारी वाळवंटातील बसार्वा या आदिवासींना त्यांच्या भूमीतून हलवल्याबद्दल २००६ मध्ये तेथील न्यायालयानेच सरकारला चूक ठरवले. मामांनी यातले काहीही झटकले नाही; सरकारला चूक ठरवणारे न्यायालय शिल्लक होते, एवढेच ते म्हणाले. हाच मला दोन देशांतला खरा फरक वाटतो. स्वातंत्र्यापासून अखंड सत्तेत असलेला पक्ष ऑक्टोबर २०२४ च्या निवडणुकीत हरला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष मासिसी यांनी पूर्ण निकालाची वाट न पाहता पराभव मान्य केला आणि ड्युमा बोको यांच्याकडे कारभार गेला. नव्या सरकारच्या हाती तिजोरी मात्र हलकी आली, कारण प्रयोगशाळेत बनणाऱ्या हिऱ्यांमुळे खाणीतल्या हिऱ्याचा भाव घसरला आहे. मामा अजूनही फ्रान्सिसटाऊनच्या जुन्या सहकाऱ्यांना फोन करून पगार वेळेवर होतात का, हे विचारत असतात.