तोरा, तनाख आणि तालमूद : यहुदी धर्मग्रंथांची ओळख

पुणे कॅम्पातले लाल देऊळ, म्हणजेच ओहेल दाविद सिनेगॉग हे यहुदी (ज्यू) लोकांचे प्रार्थनास्थळ, येता-जाता बहुतेक पुणेकरांनी पाहिलेले असते. परंतु तिथे ज्या ग्रंथाला मध्यवर्ती स्थान आहे, त्याविषयी आपल्याला फारच थोडे ठाऊक असते, आणि जे ठाऊक असते तेही बहुधा ख्रिस्ती बायबलच्या वाटेने आलेले असते. 'ज्यूंचा धर्मग्रंथ म्हणजे जुना करार' हे विधान मराठी लेखनात सर्रास आढळते. मला ते अपुरे वाटते, कारण त्यात यहुदी परंपरेचा निम्म्याहून अधिक भाग गळून पडतो.

मुळाशी आहे तोरा, म्हणजे मोशेची पाच पुस्तके : उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना आणि अनुवाद. सिनेगॉगमध्ये वाचली जाणारी तोरा छापील नसते. धर्माने ग्राह्य मानलेल्या जनावराच्या कमावलेल्या कातड्यावर प्रशिक्षित लेखनिक ती शाईने हाताने लिहितो; तिच्यात ३,०४,८०५ अक्षरे असतात, स्वरचिन्हे वा विरामचिन्हे नसतात, आणि एखादे अक्षर गळले तर दुरुस्ती होईपर्यंत ती गुंडाळी जाहीर वाचनासाठी वापरता येत नाही. वाचताना मजकुराला बोट लावायचे नाही, म्हणून हाताच्या आकाराची एक छोटी दांडी ओळीवरून फिरवली जाते. ५४ भागांत विभागलेले हे वाचन साधारण वर्षभरात पूर्ण होते आणि सिमहात तोरा या सणाला शेवटचा अध्याय संपताच लगेच उत्पत्तीचा पहिला अध्याय सुरू केला जातो.

तोरा, संदेष्ट्यांची पुस्तके आणि इतर लेखन असे तीन विभाग मिळून तनाख होतो. स्तोत्रे, नीतिसूत्रे, ईयोब, रूथ, एस्तेर ही पुस्तके तिसऱ्या विभागात येतात. यहुदी गणनेप्रमाणे एकूण पुस्तके २४ आहेत. प्रोटेस्टंट जुन्या करारात हाच मजकूर ३९ पुस्तकांत विभागलेला आहे, परंतु क्रम वेगळा आहे, आणि या क्रमाला अर्थ आहे. ख्रिस्ती मांडणी मलाखी संदेष्ट्यापाशी, एलिया या संदेष्ट्याच्या येण्याच्या भाकितापाशी थांबते. तनाख मात्र प्रचलित छापील क्रमात 'इतिहास' या पुस्तकाने संपतो, जिथे इराणचा सम्राट कोरेश यहुद्यांना यरुशलेमला परत जाऊन मंदिर उभारण्याची मुभा देतो.

आता जो भाग जुन्या करारात नाही, त्याकडे वळू. परंपरेच्या मते लिखित तोरेबरोबर मौखिक तोराही दिली गेली आणि ती पिढ्यान्‌पिढ्या गुरुमुखातून शिकवली गेली. इ.स. ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले, आणि त्यानंतरच्या अस्थिर काळात, साधारण इ.स. २०० च्या सुमारास, रब्बी (धर्मगुरू) यहूदा हानासी यांनी ही शिकवण मिश्ना या ग्रंथात संकलित केली. मिश्नावरील विवेचन म्हणजे गेमारा, आणि दोन्ही मिळून तालमूद. तालमूद दोन आहेत. त्यांपैकी बाबिलोनचा, म्हणजे आजच्या इराकमधील विद्यापीठांत साधारण सहाव्या शतकापर्यंत आकाराला आलेला, अधिक प्रमाण मानला जातो. लाल देऊळ बांधणारे डेव्हिड ससून हे बगदादचे, त्याच भूमीतले.

मौखिक तोरेचे महत्त्व 'डोळ्याबद्दल डोळा' या वचनावरून स्पष्ट होते. हे वचन तोरेत तीन ठिकाणी आले आहे, आणि यहुदी धर्म सूडाचा आहे असे सांगणारे लोक नेहमी तेच पुढे करतात. प्रत्यक्षात मिश्नाचा 'बावा कामा' हा भाग इजा करणाऱ्याकडून नुकसान, वेदना, औषधोपचार, बुडालेले काम आणि अपमान अशा पाच बाबींची भरपाई मागतो. गेमारात रब्बी याची कसून छाननी करतात : एकाचा डोळा मोठा व दुसऱ्याचा लहान असेल, किंवा इजा करणारा आधीच आंधळा असेल, तर समान न्याय कसा होणार? म्हणून शिक्षा पैशांतच मोजायची. तोरेतल्या त्या ओळीचे एक अक्षरही बदललेले नाही. पण ती ओळ एकटी वाचणाऱ्याला यहुदी कायदा कळणार नाही, असे मी ठामपणे म्हणेन.

मला सर्वाधिक आदर वाटतो तो नाकारलेली मतेही जपून ठेवण्याच्या पद्धतीचा. हिल्लेल आणि शम्माई या दोन धर्मपंडितांच्या पंथांचे वाद दोन्ही बाजूंसह नोंदवलेले आहेत. अल्पमत कशासाठी लिहून ठेवायचे, याचे उत्तर मिश्नाच देते : पुढे एखाद्या न्यायसभेला ते पटले तर तिला त्याचा आधार घेता यावा.

बेने इस्राएल या मराठीभाषक यहुदी समाजाचा इतिहास इथे आठवतो. परंपरा सांगते की कोकणात शतकानुशतके राहताना या समाजाकडे ग्रंथ उरले नव्हते. तरीही शनिवारचा विसावा, सुंता, खाण्याचे नियम आणि 'हे इस्राएला, ऐक' ही शमा प्रार्थना त्यांनी टिकवली. ती प्रार्थना तोरेतील 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातली आहे. पुढे ग्रंथ आले, शिक्षण आले, आणि १८७४ मध्ये वल्हांडण सणाला वाचायची हगादा ही पोथी मराठी भाषांतरासह पुण्यात छापली गेली.

वाचायला सुरुवात करायची असेल तर मी रूथचे चार अध्याय सुचवेन, आणि त्यानंतर 'अनुवाद' या पुस्तकाचा सहावा अध्याय. तालमूद एकट्याने वाचण्याचा ग्रंथ नव्हे. परंपरेने तो जोडीदारासोबत, प्रश्न विचारत वाचला जातो. १९२३ पासून जगभरचे अभ्यासक रोज एक पान या क्रमाने बाबिलोनी तालमूदची २,७११ पाने वाचत आले आहेत. एका आवर्तनाला सुमारे साडेसात वर्षे लागतात, आणि जानेवारी २०२० मध्ये सुरू झालेले चौदावे आवर्तन जून २०२७ मध्ये पूर्ण व्हायचे आहे.