एक अक्षर चुकलं, की गुंडाळी बाजूला

खानापूरकडच्या सप्ताहात पारायणाला बसलेल्यांचा हेल सारखा नसतो. कुणाचा कानडीकडे झुकलेला, कुणाचा कोकणीकडे. व्यासपीठ चालक हेलावरून कुणाला अडवत नाही, ओवी गाळली तर मात्र अडवतो. ज्यूंचा धर्मग्रंथ म्हणजे तोरा, चामड्याच्या गुंडाळीवर हाताने लिहिलेला. त्याचंही असंच, फक्त तिथे एका अक्षराचीही सूट नाही.

कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्राएल, घरात मराठी बोलत आणि शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. पोलंडच्या ज्यूची बोली यिद्दिश होती, बगदादच्याची अरबी. शनिवारला एक 'शब्बात' म्हणतो, दुसरा 'शब्बोस'. चालीही वेगळ्या. पण त्या सकाळी वाचायचा भाग बहुतेक ठिकाणी एकच; वर्षाचे ५४ भाग ठरलेले आहेत. वल्हांडण सणाचा आठवा दिवस (तो इस्राएलबाहेरच पाळतात) शनिवारी आला, तर इस्राएलबाहेरची मंडळी एक भाग मागे पडतात आणि पुढे दोन भाग जोडून वाचून गाठतात.

हे जमतं ते गुंडाळीमुळे. प्रचलित मोजणीत अक्षरं ३,०४,८०५. येमेनी प्रतींत मोजून नऊ अक्षरांचा फरक, तोही बहुतेक लेखनापुरता. लेखनिक, म्हणजे सोफेर, पाठांतरावर विसंबत नाही. समोरची प्रत बघतो, शब्द तोंडाने उच्चारतो, मग पिसाच्या नाहीतर बोरूच्या टोकाने चामड्यावर उतरवतो. शाईत मायफळ (हो, बाळगुटीत उगाळतात तेच), हिराकस आणि डिंक. चामड्याचे तुकडे शिवायचे तेही जनावराच्या स्नायुतंतूंनी.

बिघडतं ते बहुधा दमटपणाने. आपल्याकडच्या आषाढासारखी हवा लागली की शाईचे पापुद्रे सुटतात, अक्षर तुटतं. दोन अक्षरं एकमेकांना चिकटली तरी गुंडाळी बाद. वाचता वाचता अशी चूक सापडली, तर ती बाजूला ठेवून दुसरी काढतात. बहुतेक चुका खरवडून नीट करता येतात. देवाचं नाव मात्र खरवडायचं नाही. तिथे चूक झाली, की अख्खा तुकडा बदलून जुना जपून ठेवायचा किंवा पुरायचा.

'वाव' या हिब्रू अक्षराची दांडी आखूड राहिली, की ते 'योद' हे दुसरं अक्षर दिसू लागतं. मोठ्यांत वाद झाला, तर अक्षरओळख असलेल्या पोराला बोलावून विचारतात. फार हुशार पोर नको. अर्थ कळला, की ते अंदाजाने वाचतं.