थायलंडचे मजूरमंत्री आणि 400 बाटची मजुरी

किमान वेतनवाढीची बातमी आली की सोलापुरात पहिला प्रश्न ठरलेला असतो: मंत्र्यांनी जाहीर केलं, पण हातात कधी पडणार? विडी वळणाऱ्या बायकांना आणि यंत्रमागावरच्या कामगारांना हा प्रश्न विचारायचा पुरेपूर हक्क आहे. थायलंडचे फिफत रत्चकितप्रकान यांची कारकीर्द त्यासाठी नीट पाहावी अशी आहे.

फिफत हे दक्षिण थायलंडमधल्या इंधन व्यवसायातल्या घराण्यातले, भूमजैथाई पक्षाचे नेते. 2019 ते 2023 ते पर्यटन आणि क्रीडामंत्री होते. कोरोनात बंद पडलेलं पर्यटन 1 जुलै 2021 पासून फुकेतमधून पुन्हा सुरू झालं, ते त्यांच्याच काळात. सप्टेंबर 2023 मध्ये ते मजूरमंत्री झाले आणि महिनाभरातच इस्रायलवर हमासचा हल्ला झाला. तिथे शेतावर राबणारे तीसहून अधिक थाई मजूर मारले गेले, कित्येक ओलीस धरले गेले. उरलेल्यांना परत आणण्याची जबाबदारी या खात्यावरही आली.

खरी कसोटी मात्र मजुरीची. सरकारमधल्या फेउ थाई पक्षाचं आश्वासन होतं रोज 400 बाट (बाट हे थायलंडचं चलन). पण थायलंडमध्ये दर मंत्री ठरवत नाही. ठरवते ती 15 जणांची वेतन समिती: 5 सरकारचे, 5 मालकांचे, 5 कामगारांचे. आधी प्रांतांच्या उपसमित्या आपला आकडा पाठवतात, मग केंद्रीय समिती, मग मंत्रिमंडळ, शेवटी राजपत्र. दर ठरवायच्या बैठकीला दोन तृतीयांश सदस्य हजर लागतात, त्यातही मालक आणि कामगार दोन्ही बाजूंचे किमान दोघे.

घोडं अडलं ते इथेच. डिसेंबर 2023 मध्ये समितीने जेमतेम 2 ते 16 बाट वाढ दिली. पंतप्रधान सेत्था नाराज झाले, फेरविचार करायला लावला, तरी 1 जानेवारी 2024 पासून 330 ते 370 बाट हेच दर लागू झाले. मग एप्रिलमध्ये 10 प्रांतांतल्या ठरावीक पर्यटन भागांत, चार तारे आणि किमान 50 कामगार असलेल्या हॉटेलांपुरते 400 बाट आले. पुढे 1 ऑक्टोबर 2024 ची तारीख सांगितली गेली. सप्टेंबरच्या बैठकीला मालकांचे प्रतिनिधी आलेच नाहीत, पुढच्या बैठकीलाही गणसंख्या भरली नाही आणि तारीख हुकली. माझ्या मते मालकांचा विरोध आधीपासून उघड असताना तारीख आधी सांगणं ही चूकच होती.

आपल्याकडे किमान वेतनातला विशेष भत्ता महागाई निर्देशांकानुसार जानेवारी आणि जुलैत बदलतो. थायलंडमध्ये अशी आपोआप वाढ नाही, त्यामुळे 2020 च्या जानेवारीत ठरलेले 313 ते 336 बाट ऑक्टोबर 2022 पर्यंत तसेच राहिले. आपली ही वाढ भत्त्यातून येते, म्हणून आपल्या पगारपत्रकात मूळ वेतन आणि भत्ता वेगळे दाखवलेत का, हे आधी बघा. विडीत हजारी दर (हजार विड्यांची मजुरी) कागदावर पुरा असतो, छाट, म्हणजे नापास ठरवलेल्या विड्या, कापली की हातातली रक्कम उतरते. वाद घालायचा तो त्या छाटीवर.

1 जानेवारी 2025 ला 400 बाट फुकेत, चोनबुरी, रयोंग, छाछोएंगसाओ हे प्रांत आणि को समुई बेटाला मिळाले. बँकॉकला मिळाले 1 जुलैला. तोवर भूमजैथाई सरकारमधून बाहेर पडला होता आणि फिफत यांचं मजूरमंत्रिपद गेलं होतं. सप्टेंबरमध्ये ते उपपंतप्रधान आणि वाहतूकमंत्री म्हणून परतले.