वीस टाके, सगळ्या ओळी सुलट

नाशिकमधलं आमचं लोकरीचं दुकान आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, १९८९ साली सुरू केलं. वाड्याची रस्त्याकडची खोली, लाकडी फळ्या आणि त्यांवर रंगांप्रमाणे रचलेले गुंडे. दसऱ्याला सुरू झालेली गर्दी संक्रांतीपर्यंत टिकायची. एरवी कुंच्या-टोपड्यांची लोकर न्यायला आज्या यायच्या, त्यांच्यावर भागायचं. पुढे तयार स्वेटर इतके स्वस्त झाले की महिनाभर विणत बसणं लोकांना परवडेना.

२०११ साली माझं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं. त्यानंतर दोन महिने मी दुकानाची पायरी चढले नाही. आत शिरलं की समोरच बाळांची लोकर, फिकट पिवळी आणि पांढरी. आईंनी ती फळी गुपचूप रिकामी केली. मग एका संध्याकाळी करड्या लोकरीचा गुंडा आणि आठ नंबरच्या सुया माझ्या मांडीवर ठेवून म्हणाल्या, "वीस टाके घाल. सगळ्या ओळी सुलट."

मला लहानपणापासून विणता येत होतं. तरी त्या दिवशी विसाचे सतरा झाले. आई रागावल्या नाहीत, धीराचं काही बोलल्याही नाहीत. "उसव, परत घाल," एवढंच. ती पट्टी मी कितीदा उसवली, कोण जाणे. पण आठ, नऊ, दहा असं मोजताना डोक्यात अखंड फिरणारा तो एक विचार ओळ संपेपर्यंत थांबायचा. वीस टाक्यांची ओळ म्हणजे जेमतेम मिनिटभराचं काम. आधी तेवढं एक मिनिट मिळालं, मग सलग पाच-सहा ओळी होऊ लागल्या. मानसोपचार डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, समुपदेशनही चालू होतं, आणि त्यांच्याशिवाय मी सावरले नसते. दोन भेटींमधल्या लांबच लांब संध्याकाळी मात्र सुयांनी पार पाडल्या.

२०१४ मध्ये दुकान माझ्याकडे आलं आणि उत्साहाच्या भरात मी बाहेर पाटी लावली : विणकाम करा, ताण पळवा. काही महिन्यांनी एक बाई आल्या. पाटी वाचून त्यांनी नैराश्याच्या गोळ्या बंद केल्या होत्या आणि चार गुंडे मागत होत्या. माझे हातपाय गार पडले. त्यांना बसवलं, पाणी दिलं, त्यांच्याच फोनवरून मुलीला बोलावलं. त्या दोघी संध्याकाळी डॉक्टरांकडे गेल्याचं कळलं तेव्हा जीव भांड्यात पडला. पाटी त्याच रात्री उतरवली. तेव्हापासून नव्या माणसाला लोकर देताना एक वाक्य ठरलेलं आहे : औषध चालू असेल तर डॉक्टर सांगतील तोवर चालूच ठेवा.

या विषयावर मी नंतर मिळेल ते वाचत गेले. ब्रिटनमधल्या व्यवसायोपचाराच्या, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीच्या, एका नियतकालिकात २०१३ साली एक पाहणी छापून आली. तिच्यात जगभरातल्या ३,५४५ विणणाऱ्यांनी उत्तरं दिली होती. जे जास्त वेळा विणतात त्यांनी विणल्यावर अधिक शांत आणि आनंदी वाटतं असं सांगितलं. अर्थात ही सगळी आधीपासून विणणारी, विणकामाची आवड असलेली माणसं, त्यामुळे यावरून कुणाला खात्री देता येत नाही. मी देतही नाही.

दुकानात बाक आला तो पाटी गेल्यानंतर. बुधवारी तीन ते पाच जो येईल त्याने बसावं, विणावं. शिकवण्याचे पैसे नाहीत. बाकावर माणसं शेजारी शेजारी बसतात, नजर सुयांवर असते, आणि समोरासमोर ज्या गोष्टी तोंडातून निघत नाहीत त्या तिथे निघतात. कुणी काहीच बोलत नाही, तेही चालतं. अर्ध्या तासाने सगळ्यांना उठवून मनगटं आणि खांदे मोकळे करायला लावते, नाहीतर दुखणं मागे लागतं.

एका बुधवारी एसटीतून निवृत्त झालेले एक काका पिशवी घेऊन आले. काकू गेल्या तेव्हा त्यांचा स्वेटर सुईवरच अर्धा राहिला होता. "एवढा पुरा करून द्या." मी करून दिला असता, त्याचे पैसेही मिळाले असते. पण ते सुई सोडतच नव्हते. म्हटलं, काका, बसा, तुम्हीच करा. आधी वेगळ्या लोकरीची पट्टी, मग उलट टाका, मग तो स्वेटर. चार महिने लागले. हात बदलला तिथे वीण सैल झाली आहे आणि छातीवर आडवी रेघ स्पष्ट दिसते. वरचा भाग उसवून सारखा करू का, असं मी विचारलं. नको म्हणाले.

२०२० च्या टाळेबंदीनंतर आम्ही टपालाने पिशव्या पाठवू लागलो, आणि आज निम्मी विक्री त्यांचीच आहे. पिशवीत करड्या लोकरीचे दोन गुंडे आणि आठ नंबरच्या सुया. आपल्या जुन्या मापात नंबर वाढला की सुई बारीक होते, आणि नवख्या हाताला बारीक सुई जड जाते. सोबत मराठीत लिहिलेला एक कागद. त्याच्या पहिल्या ओळीत आईंचं ते वाक्य, आणि खाली ठळक अक्षरांत टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा नंबर : १४४१६.